गल्ली आधी, डंडोबा नंतर

नवीन फोन हातात आला की सांगलीचा माणूस पहिल्या रविवारी डंडोबाच्या डोंगरावर जातो, नाहीतर सागरेश्वरच्या अभयारण्यात. दोनशे फोटो काढतो, सोमवारी ऑफिसात चार जणांना दाखवतो आणि मंगळवारी म्हणतो, "आपल्या सांगलीत फोटो काढण्यासारखं हाय काय?" मीही तेच म्हणत होते. माझा पहिला कॅमेरा जवळजवळ वर्षभर कपाटात साड्यांच्या खाली पडून होता, कारण महाबळेश्वरला जायला सवड होत नव्हती.

पुढं जे लिहितेय ते त्या मंगळवारी अडकलेल्यांसाठी आहे. साधा फोन पुरतो. कॅमेरा असला तर उत्तमच, पण तो घेईपर्यंत थांबू नका.

पाच मिनिटांची तयारी

पहिलं काम, लेन्स पुसा. हसू नका. भडंग खाल्लेल्या हातानं आपण फोन धरतो, चिल्लर आणि किल्ल्यांबरोबर पर्समध्ये टाकतो आणि मग दिव्याभोवती धुरकट वलय आलं की कंपनीला नावं ठेवतो. धुतलेलं सुती कापड घ्यायचं आणि हलक्या हातानं पुसायचं. पदर चालतो, जरीचा काठ चालत नाही.

दुसरं, कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये जाऊन चौकटीच्या रेघा (ग्रिड) सुरू करा. नदीचा फोटो काढताना पाणी एका बाजूला सांडल्यासारखं दिसतं ना, ते या रेघांमुळं थांबतं.

तिसरं, दोन बोटांनी ताणून झूम करायची सवय मोडा. फोनला दुसरी लेन्स खरोखर असेल तर तिचं बटण वापरा, नाहीतर चार पावलं पुढं जा. ताणून मोठा केलेला फोटो म्हणजे पाणी घालून वाढवलेली आमटी.

चौथं मात्र शिकायलाच लागतं. स्क्रीनवर जिथं हवं तिथं बोट दाबून धरलं की फोन तिथला फोकस आणि उजेड धरून ठेवतो. शेजारी छोटं सूर्याचं चिन्ह येतं (काही फोनवर नुसती पट्टी येते). ते वर ओढलं की फोटो उजळतो, खाली ओढलं की काळवंडतो. पुढं चहाच्या गाड्यावर, म्हशीपाशी आणि धुक्यात हेच लागणार आहे.

एक रस्ता धरा

तुम्ही रोज जातच असाल असा वीस मिनिटांचा एक रस्ता निवडा. मुलाला शाळेत सोडायचा, भाजी आणायचा, ऑफिसला जायचा, कुठलाही चालेल. माझा आहे गावभागातून हरिपूरच्या दिशेनं जाणारा, कारण सकाळी फिरायला मी तिकडंच जाते. तुमचा विश्रामबागेतला असेल, मिरजेत स्टेशनकडं जाणारा असेल. सुंदर रस्ता शोधत बसू नका. रोजचा असणं जास्त महत्त्वाचं, कारण दहाव्या दिवशी जे दिसतं ते पहिल्या दिवशी दिसत नाही.

पहिले तीन दिवस एकही फोटो काढायचा नाही. फक्त टिपणं करायची. किती वाजले, ऊन कुठं पडलंय, कोण काय करतंय. माझ्या जुन्या वहीतली दोन टिपणं तशीच देते.

"7:20. पिठाच्या गिरणीचं शटर अर्धं वर. आत अंधार, उन्हाची एकच पट्टी पाटावर. मालक डबे लावतोय, डब्यांवर पेनानं नावं."

"7:35. कोपऱ्यावरची आजी अंगणात सडा टाकतेय. पाणी हवेत असताना मागनं ऊन येतं. उद्या पाच मिनिटं आधी यायचं."

दुसऱ्या टिपणातलं शेवटचं वाक्य बघा. विषय सापडला होता, माझी वेळ चुकली होती. कुठं जायचं याच्या आधी कधी जायचं हे ठरवायला लागतं आणि ते टिपणांशिवाय ठरत नाही. आपल्याकडं जानेवारीत सूर्य सातच्या सुमाराला उगवतो, जूनमध्ये सहाच्या सुमाराला. म्हणजे हिवाळ्यात शाळेच्या रिक्षा आणि कोवळं ऊन एकाच वेळी रस्त्यावर असतात. उन्हाळ्यात पोरं झोपेत असतानाच ते ऊन निघून जातं. एकाच रस्त्याचे मग दोन वेगळे रस्ते होतात.

क्रियापद शोधा

नव्या माणसाचे फोटो बघितले की त्यात नामं असतात. देऊळ, पूल, फूल, गाय, सूर्य. "हा आयर्विन पूल आहे" म्हटलं की बघणाऱ्याला बोलायला काही उरत नाही. पूल 1929 सालापासून तिथं आहे, आणि सांगलीत जन्मलेल्या प्रत्येकानं तो बघितलाय.

म्हणून मी स्वतःसाठी एक परीक्षा ठेवलीय. फोटो काढायच्या आधी समोर जे दिसतंय त्याचं एक वाक्य मनात म्हणायचं. वाक्य "आहे"वर संपलं तर बटण दाबायचं नाही, थांबायचं. "पुलाच्या कमानीच्या सावलीत एक म्हातारा गळ टाकून बसलाय." आता पूल मागं गेला, म्हातारा पुढं आला आणि मासा लागतो की नाही ते बघायला आपणही बसलो. पूल सुंदर आहेच. त्याच्या खाली काहीतरी घडलं की तो फोटोत कामाला येतो.

झाडापानांनाही हेच लागू आहे. रस्त्याकडेची रुई घ्या. "रुईचं झाड आहे" यात काही नाही. पण पानं उलटून बघा. काळ्या-पिवळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा सुरवंट दिसला तर तो बहुधा रुईवर अंडी घालणाऱ्या नारिंगी फुलपाखराचा, प्लेन टायगरचा. तो पान कुरतडत असतो, पानाच्या कडेला अर्धगोल पडत जातो आणि तोडलेल्या जागी पांढरा चीक येतो. तो चीक बोटाला लावून घेऊ नका, डोळ्यात गेला तर चांगलंच महागात पडतं. मी त्या एका झाडापाशी आठवडाभर रोज सकाळी थांबत होते. शेजारच्या काकूंनी आईला विचारलं म्हणे, "पोरीचं बरं आहे ना?"

काही क्रियापदं सावकाश चालतात. गंज चढतोय. सावली सरकतेय. दारावरचा रंग उडतोय आणि खालचा जुना निळा वर येतोय. गावभागातल्या कित्येक भिंतींवर पुराच्या पाण्याच्या रेघा आहेत. कुणी 2005 लिहून ठेवलंय, कुणी 2019, कुणी 2021. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी 45 फूट, आणि 2019 ला पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं. त्या रेघेखाली आज कुणी सायकल लावतं, कुणी कपडे वाळत घालतं. रेघेचा फोटो म्हणजे नाम झालं. रेघेखाली उभं राहून गाडीवाला कोथिंबिरीच्या जुड्या बांधतोय, हा फोटो मला जास्त सांगतो. रेघ त्याच्या डोक्याच्या किती वर आहे हेही त्यात आपोआप कळतं.

एका जागी दहा मिनिटं थांबायची तयारी ठेवा. पहिली तीन मिनिटं लोक तुमच्याकडं बघतात, मग कंटाळतात आणि आपापल्या कामाला लागतात. खरे फोटो तिथून पुढचे.

उजेड, आणि चहाचा गाडा

उजेडावर पुस्तकं लिहिलेली आहेत. मी एका गाड्यावर सगळं शिकले, तुम्हीही तिथंच शिका.

चहाच्या वाफेचा फोटो बहुतेकांचा फसतो. वाफ डोळ्यांना दिसते, फोटोत गायब. कारण वाफ म्हणजे पाण्याचे बारीक थेंब. मागून ऊन आलं तर ते चमकतात, आणि पाठीमागं काहीतरी काळं असलं तरच ती चमक उठून दिसते. मागं पांढरी भिंत किंवा उजळ आकाश असेल तर वाफ त्यात विरून जाते. म्हणून सकाळी गाड्याच्या अशा बाजूला उभं राहा की सूर्य पातेल्याच्या पलीकडं असेल आणि त्याच्या मागं दुकानाचं अंधारं दार येईल. थेट सूर्य लेन्सवर पडत असेल तर डावा हात छत्रीसारखा वर धरा. आता पातेल्याच्या काठावर बोट दाबून धरा आणि उजेड थोडा खाली ओढा. चहावाला गाळणी वर उचलेल, धार लांब होईल, त्या क्षणी चार-पाच फोटो लागोपाठ घ्या. एक लागेल.

चहा नंतर प्या. मी पहिल्यांदा आधी प्यायले, तोवर ऊन दुकानाच्या पाटीमागं गेलं.

हीच युक्ती सडा टाकणाऱ्या आजीला लागू, धुणं आपटताना उडणाऱ्या पाण्याला लागू, गिरणीतल्या पिठाला लागू, शेतातल्या धुरळ्याला लागू. मागून ऊन आणि पाठीमागं काळोख. एवढं जमलं तरी महिनाभराचे विषय मिळाले.

कॅमेऱ्याला रंगांचं फारसं कळत नाही. समोरचं सगळं मध्यम राखाडीच असणार असं गृहीत धरून तो उजेड ठरवतो. त्यामुळं काळ्या म्हशीचा फोटो काढला की म्हैस राखेत लोळून आल्यासारखी दिसते, आणि पांढऱ्या धोतरातले आजोबा मळकट दिसतात. म्हशीला उजेड खाली ओढा, धोतराला आणि नदीवरच्या धुक्याला वर ओढा. उलटं वाटतं, पण करून बघा.

दुपारचं ऊन सगळे टाळतात. माणसांच्या डोळ्यांखाली खड्डे पडतात, ते खरंच. पण त्याच उन्हात बाजारातल्या ताडपत्र्यांखाली रंगीत उजेड उतरतो, निळ्या ताडपत्रीखालचे टोमॅटो जांभळट होतात. लोखंडी जिन्यांच्या सावल्या भिंतीवर कात्रीनं कापल्यासारख्या पडतात. मेच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात आणि पुन्हा ऑगस्टच्या सुरुवातीला एकेक दिवस असा येतो की साडेबाराच्या सुमाराला सूर्य आपल्या बरोबर डोक्यावर असतो आणि उभ्या खांबाची सावली त्याच्या पायाखाली जाते. ऑगस्टमध्ये बहुतेक ढगच असतात, त्यामुळं मे धरा. पाण्याची बाटली सरळ उभी करून पोरांना दाखवा, आणि ती बघताना पोरांच्या तोंडाचा फोटो काढा.

दक्षिणेकडं तोंड असलेली भिंत हिवाळ्यात दिवसभर ऊन खाते. डिसेंबर-जानेवारीत म्हातारी माणसं, मांजरं, वाळवणं, लोणच्याच्या बरण्या सगळे त्या भिंतीला येऊन टेकतात. गल्लीतली अशी एक भिंत हेरून ठेवा.

माणसांना विचारायचं कसं

सांगलीत राहून मार्केट यार्डात हळदीच्या हंगामात न जाणं म्हणजे आळस. मी पहिल्यांदा गेले तेव्हा खांबाआड उभं राहून लांबून चोरून फोटो काढत होते. एका वयस्क माणसानं बघितलं, हात तोंडासमोर धरला, आणि मग रांगेतली सगळी तोंडं फिरली. चूक माझीच होती. घरी येऊन बघितलं तर फोटोत नुसत्या पाठी.

दुसऱ्या वेळी कॅमेरा पिशवीत ठेवला. आडत दुकानात जाऊन सांगितलं, शिकतेय, इथं थोडा वेळ उभी राहू का. मग अर्धा तास नुसती बघत राहिले. दुकानांपुढं हळदीचे ढीग असतात, आणि सौद्याचा घोळका एका ढिगावरून दुसऱ्यावर जातो. खरेदीदार ढिगातून एक हळकुंड उचलतो, कट्कन मोडतो आणि आतला रंग बघतो. बोली चालू असते, पण त्याची नजर त्या मोडलेल्या टोकावर असते. अंगठ्याच्या नखात पिवळा रंग कायमचा बसलेला. मला त्या अख्ख्या बाजारातून तो अंगठाच हवा होता, आणि खांबाआडून तो कधीच दिसला नसता.

पोती वाहणारा एक हमाल जवळून जाताना थांबला.

"ताई, कशाला काढालाय फोटू? पेपरात देणार व्हय?"

"नाही ओ मामा, शिकतेय."

"मग शिका की. पर पोत्याच्या वाटंत उभं राहू नका."

हा सल्ला फोटोग्राफीच्या कुठल्याही क्लासपेक्षा मोलाचा. कामाच्या जागी काम करणाऱ्याची वाट आधी ओळखायची, मग भिंतीला पाठ लावून उभं राहायचं.

हळदीची एक अडचण अशी की चौकटभर पिवळंच असलं तर फोन घाबरतो. उजेडच पिवळा आहे असं समजून तो पिवळेपणा कमी करायला जातो आणि हळद फिकट, आजारी दिसते. चौकटीत काहीतरी पांढरं येऊ द्या, गांधी टोपी, सदऱ्याची बाही, हिशेबाचा कागद. नाहीतर प्रो मोडमध्ये (सगळं आपल्या हातानं ठरवायच्या मोडमध्ये) जाऊन व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांचा तोल, उन्हाच्या चिन्हावर पक्का करा. पोतं ढिगावर ओतताना शटर (ते किती वेळ उघडं राहतं ते) 1/1000 सेकंद ठेवलं तर एकेक हळकुंड हवेत थांबतं. 1/30 ठेवलं तर पिवळा धबधबा. दोन्ही काढा. मला थांबलेली हळकुंडं आवडतात, नवऱ्याला धबधबा.

कुणी नाही म्हणालं तर हसून "बरं" म्हणायचं आणि तिथून निघायचं. घाटावर आंघोळ करणारी, धुणं धुणारी माणसं, दवाखान्याबाहेर बसलेले नातेवाईक, स्मशानभूमी, दुसऱ्यांची लहान मुलं, इथं बटणाला हातच लावू नका. पुरात घर सोडून निघालेल्या माणसाचाही फोटो काढायचा नाही, कॅमेरा ठेवून सामानाला हात लावायचा. देवळात आणि धरणावर पाटी वाचा. पाटीशी वाद घालून चांगला फोटो मिळाल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

नदी, पाखरं आणि मगर

सांगली कृष्णेच्या पूर्व काठावर, सांगलीवाडी पश्चिमेला. त्यामुळं आपल्या घाटावर उभं राहिलं की संध्याकाळचा सूर्य समोर नदीपलीकडं उतरतो आणि नावाडी, वल्हं, पायऱ्यांवर बसलेली जोडपी सगळी काळ्या कागदाच्या कात्रणासारखी दिसतात. हे कात्रण चांगलं यायला माणसं एकमेकांवर येता कामा नयेत. एकाचं नाक दुसऱ्याच्या कानात घुसलं की आकृतीचा गोळा होतो. दोन पावलं डावीकडं, दोन उजवीकडं, असं हलून बघा. सकाळी सूर्य पाठीशी असतो, तेव्हा तोच घाट रंगांसाठी चांगला.

आता एक काळजीची गोष्ट. कृष्णेत मगरी आहेत. औदुंबर, भिलवडीपासून सांगलीपर्यंतच्या पट्ट्यात त्या दिसतात, आणि हिवाळ्यात कोवळ्या उन्हाला काठावरच्या चिखलात येऊन पडतात. माणसांवर हल्ले झालेले आहेत. तेव्हा पाण्याच्या कडेला उकिडवं बसून, डोळा स्क्रीनला लावून प्रतिबिंबाचा फोटो काढायचा नाही. बांधलेल्या पायरीवर, पाण्यापासून अंतर ठेवून उभं राहा. मगरीचा फोटो हवाच असेल तर पुलावरून काढा, ठिपक्याएवढी येऊ दे.

पाखरांच्या बाबतीत फोनकडून फार अपेक्षा ठेवू नका. खंड्या जवळ येऊ देत नाही आणि फोनमध्ये तो निळा डाग होतो. त्यापेक्षा घोळका शोधा. शेतात ट्रॅक्टर नांगरायला लागला की मागं गायबगळ्यांची रांग लागते, कारण उलटलेल्या मातीत किडे वर येतात. काळी माती, पांढरे बगळे, लाल ट्रॅक्टर. मागच्या दोन-तीन बगळ्यांची भांडणं चालू असतात. हे फोनवर झकास येतं. तारेवर ओळीनं बसलेले वेडे राघू संध्याकाळी आकाशाच्या पुढं चांगले दिसतात. त्यातला एक उडून माशी पकडतो आणि परत त्याच जागी येऊन बसतो. त्यामुळं उडालेल्याच्या मागं फोन फिरवू नका, रिकाम्या जागेवर धरून ठेवा.

मुंग्या, कोळ्याची जाळी, दवबिंदू यांना साध्या फोनचा मुख्य कॅमेरा फार जवळ गेला की धूसर करतो. थोडं मागं या, दुसरी लेन्स असेल तर ती लावा, नंतर कडा कापा. जाळ्यावर पाण्याचा फवारा मारून खोटं दव करायचं एक फॅड आहे. कोळ्याचं घर आहे ते, आपण त्याच्या घरात पाणी सोडतो. आणि कुठलंही पाखरू घरट्यावर असेल तर त्या झाडापासून लांबच राहा.

सांगलीचं पंचांग

जिल्ह्यात कुठल्या महिन्यात काय चालतं हे डोक्यात असलं की विषय शोधायला लागत नाहीत, वेळेवर हजर राहिलं की झालं.

पाऊस संपला, दिवाळी झाली की ऊसतोड सुरू. रस्त्यावर उसानं भरलेल्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टर, मागून पडलेली कांडी गोळा करणारी पोरं, वैरणीला विकायला ठेवलेले वाढ्यांचे (उसाच्या शेंड्यांचे) भारे. ऊसतोड टोळ्यांच्या कोप्यांत (झोपड्यांत) जायचं असेल तर आधी मुकादमाला आणि मग बायामाणसांना विचारा, आणि त्यांच्या दारिद्र्याचे देखणे फोटो काढू नका. पहाटे चूल पेटलेली, बैलांना वैरण टाकलेली, कोयत्याला धार लावतायत, एवढं पुष्कळ आहे.

जानेवारी ते मार्च हळदीची काढणी. शेतातच हळद शिजवतात, वाफेचा ढग उठतो (चहाचा गाडा आठवा), मग खळ्यावर पंधरवडाभर वाळत घालतात. उंचावरून, ट्रॉलीवर चढून काढला तर पिवळ्या अंगणात माणूस मुंगीएवढा दिसतो.

फेब्रुवारीपासून तासगाव, कवठेमहांकाळकडं बेदाणा शेड. द्राक्षं द्रावणात बुडवून जाळीच्या रॅकवर थरांनी पसरतात आणि दोनेक आठवड्यांत ती सुकतात. शेडनेटमधून येणारा उजेड मऊ असतो, पण नेट हिरवी असेल तर निवडणीला बसलेल्या बायकांचे चेहरेही हिरवे येतात. त्यांना शेडच्या उघड्या कडेला बसवू नका, तुम्हीच कडेला बसलेली बाई शोधा.

मिरजेला कधीही जा. सतार आणि तंबोरे करणाऱ्यांच्या दुकानांत भोपळे टांगलेले असतात, ओळीनं, लहानमोठे. हे भोपळे मंगळवेढा-पंढरपूर भागातून येतात. कारागीर भोपळ्यावर पट्टी बसवत असेल, तारा जुळवताना कान वाद्याला लावून डोळे मिटत असेल, तर त्या मिटलेल्या डोळ्यांसाठी थांबा. तिथं शटरचा आवाज बंद ठेवा. तो सूर ऐकतोय, आपली टिकटिक नको.

जून आला की छत्र्या, डबकी, डबक्यात उलटा दिसणारा गणपतीच्या देवळाचा कळस. फोन उलटा धरून लेन्स पाण्याजवळ नेली की लहान डबकंही तळ्याएवढं दिसतं. नदीकाठ सोडून शहरातल्या डबक्यातच हे करा, कारण वर सांगितलंच आहे.

घरातले दिवस

आजारपण, पाहुणे, पाऊस यात बाहेर पडणं होत नाही. घरातली एक खिडकी निवडा आणि खोलीतले दिवे बंद करा. खिडकीच्या उजेडात शेंगा सोलणारे हात, पोळी फुगताना, आजीनं सुईत दोरा ओवताना मिटलेला एक डोळा. वरचा पिवळा दिवा चालू राहिला तर चेहरा अर्धा निळा, अर्धा पिवळा येतो, म्हणून तो बंद. बाकी घरच्यांना सवय होईपर्यंत शिव्या खायला लागतात.

निवड

रोज रात्री त्या दिवसाच्या फोटोंतून एकच ठेवा. कुठला ठेवायचा कळेना तर प्रत्येकाचं ते वाक्य पुन्हा म्हणा. ज्यात क्रियापद नाही तो पुसा. जीव तुटतो, पण तिसऱ्या महिन्यात जेव्हा ऐंशी-नव्वद फोटोंचा एक रस्ता तयार होतो, तेव्हा कळतं आपण नेमकं काय बघत होतो. माझ्या पहिल्या तीन महिन्यांत हातच हात निघाले. मला माहीतच नव्हतं.

त्यातले दोन-चार छापून घ्या आणि ज्यांचे आहेत त्यांना नेऊन द्या. फोनवर दाखवणं वेगळं, कागद हातात देणं वेगळं. मी मार्केट यार्डातल्या त्या हमालमामांचा फोटो छापून नेला. खांद्यावर पोतं, मान वाकलेली, मागं पिवळा धुरळा उन्हात चमकतोय. मला वाटलं, आजवरचा सगळ्यात चांगला. त्यांनी हात सदऱ्याला पुसले, फोटो घेतला, उन्हात तिरका धरून बराच वेळ बघितला.

"झाक हाय. पर माझा हूक कुठाय ह्यात?"

हूक त्यांच्या उजव्या हातात होता आणि मी तो हात मनगटापाशी कापला होता. पोत्यात हूक अडकवून ते पोतं ओढून खांद्यावर घेतात, सगळं कसब त्या हातात, आणि मी धुरळा बघत बसले होते.

"परवा या," ते म्हणाले. "सात गाड्या यायच्यात."